मराठीत सांग की

अण्णाराव बिराजदारांना अर्धांगवायूचा झटका आला आणि त्यात त्यांची मराठी गेली. हात थोडा वाचला, पाय थोडा वाचला, घरात बोलायची कानडीसुद्धा हळूहळू जिभेवर परत आली. मराठी मात्र गेली ती गेलीच. घरच्यांचं त्यावाचून काही अडलं नाही. बायको अक्कम्मा कानडीच बोलायची, मुलगा शिवपुत्रही, आणि सून महादेवी तर कानडी मुलखातली, वळसंगकडची. नुकसान झालं ते एकट्या मानसिंग जगतापचं.

मानसिंग कापडगिरणीत टाइमकीपर होता, आता निवृत्त झाला होता. बायको वारली होती, मुलगी बार्शीला दिली होती. रोज संध्याकाळी मंगळवार पेठेत अण्णारावांच्या भुसार दुकानाच्या पायरीवर बसून गप्पा हाणायच्या, एवढाच त्याचा संसार उरला होता. त्या पायरीवर दोघांनी किती पैलवान चीत केले आणि किती सरकारं पाडली, याला सुमार नव्हता. आणीबाणीत सरकारं पाडायचं काम त्यांनी जरा हळू आवाजात चालू ठेवलं, एवढंच. आणि हे सगळं मराठीत. एवढ्या वर्षांच्या दोस्तीत मानसिंगला 'बा' म्हणजे ये आणि 'ऊट' म्हणजे जेवण, यापुढे कानडी आली नाही. अण्णाराव त्याच्यासाठी उंबरा ओलांडून मराठीत यायचे आणि मानसिंगला वाटायचं, ते तिथंच राहतात.

डॉक्टर तरुण होता, पण समजूतदार होता. म्हणाला, "त्यांना तुमचं बोलणं कळतंय, उत्तर मराठीत येत नाही. तुम्ही मित्र ना? मग साधे प्रश्न विचारत राहा. काय आवडतं, छंद कोणता, घरात कोण कोण असतं. आली तर यातूनच येईल."

मानसिंगने हे काम गिरणीच्या शिस्तीने हाती घेतलं. भोंगा व्हावा तसा संध्याकाळी हजर. अण्णाराव बहिरे झाले नव्हते, तरी हा ओरडून विचारायचा.

"अण्णा, तुजी आवडती भाजी कंची?"

उत्तर मानसिंगला ठाऊक होतं. अण्णाराव भरल्या वांग्यासाठी जीव टाकायचे. पण अण्णारावांनी कानडीत चांगलं लांबलचक उत्तर दिलं आणि महादेवी पदर तोंडाला लावून हसायला लागली.

"काय म्हनला?"

"वांगी म्हणत्यात, काका."

"एक वांगी सांगाया एवढं बोलला व्हय?"

"माझ्या हातची नको म्हणत्यात," महादेवी म्हणाली. "मी वांग्याचा सूड घेते म्हणं."

मानसिंग हसला, पण मनातून हिरमुसला. मराठीतले अण्णाराव भावताव करणारे, मोजकं बोलणारे. हा चावट, मोकळा माणूस त्याला कधी भेटलाच नव्हता. एवढी वर्षं निम्मा अण्णा घरच्यांनी घरातच ठेवून घेतला, असा त्याला रागच आला. रागाला अर्थ नव्हता, पण आला.

दुसऱ्या दिवशी छंद विचारला. महादेवीने उत्तर ऐकलं आणि जरा थांबून सांगितलं, "तुमच्याशी भांडायचा छंद हाय म्हणत्यात."

मानसिंगने उपरण्याने तोंड पुसलं आणि उगीचच उकाड्याला नावं ठेवली.

असं महिनाभर चाललं. मग शिवपुत्राने चहा देता देता सांगितलं, "काका, दिवाळी झाली की अप्पांना आणि आईला गावाकडं मैंदर्गीला ठिवावं म्हणतो. तितं गल्लीत सगळी कानडीच बोलत्यात. हितं गिऱ्हाईक आलं की अप्पा गप हुत्यात, खाली बघत्यात. मला बघवंना."

मुलगा काही वावगं बोलत नव्हता, हीच तर पंचाईत होती. मानसिंग "बरं हाय की," म्हणाला आणि चहा तसाच ठेवून उठला. अण्णा मैंदर्गीला गेला, तर संध्याकाळी तोंड उघडायला जागा कुठली? खोलीतल्या भिंतींशी बोलायचं? आता एकच उपाय होता. दिवाळीच्या आत अण्णाची मराठी परत आणायची.

तेव्हापासून प्रश्नांची परीक्षा झाली. महादेवी सांगायला आली की मानसिंग तिला हाताने थांबवायचा. "तू बोलू नको पोरी. अण्णा, मराठीत सांग की. भाकरीसंगं काय पायजे? चटणी. म्हन, चटणी."

अण्णारावांचे ओठ हलत. कपाळावर घाम येई. चटणी हा शब्द कानडीतही चटणीच, पण हुकमाने तोही निघेना.

"म्हन की अण्णा. एवढं बी येत न्हाय व्हय?"

अण्णारावांनी चांगल्या हाताने पुढची ताटली भिरकावली. शेंगाचटणी भिंतीवर उडाली. मग ते लहान पोरासारखे रडायला लागले, आणि ते बघून मानसिंग चप्पल हातात घेऊनच बाहेर पडला.

त्यानंतर तो फिरकला नाही. मुरारजी पेठेतल्या खोलीत बसून स्वतःला शिव्या घालत राहिला. दिवाळी झाली. शेवटी महादेवीच बोलवायला आली. "मामा दाराकडं बघत बसत्यात, काका. चार दिसांनी मैंदर्गीला जायाचं हाय. चला की."

मानसिंग गेला. ओट्यावर ट्रंक काढून ठेवली होती. अण्णारावांनी त्याला बघितलं आणि हसले, अर्ध्या तोंडाने, पण पुरतं हसले. डॉक्टरने सांगितलेला एक प्रश्न राहिला होता, तोच मानसिंगने विचारला, या वेळी हळू आवाजात.

"अण्णा, घरात कोन कोन असतं? तुज्या भाषेतच सांग. सूनबाई हाय."

अण्णारावांनी चांगला हात वर केला आणि एकेक बोट मिटत मोजायला लागले. अक्कम्मा. शिवपुत्र. महादेवी. पाळण्यात निजलेली नात चंद्रव्वा. मग करंगळी तेवढी उभी राहिली. तिच्याकडे बघून ते थांबले आणि स्पष्ट म्हणाले, "मानसिंगा."

महादेवीने सांगायला तोंड उघडलं आणि तसंच मिटलं. हे मराठी करून सांगायची गरज नव्हती.

"आरं, मी कुटं हितं ऱ्हातो?" मानसिंग म्हणाला. "माजी खोली तिकडं हाय. चुकलास अण्णा."

"काई चुकलं न्हाय त्येंचं," स्वयंपाकघराच्या दारातून अक्कम्मा म्हणाली. ती मराठी क्वचितच बोलायची, त्यामुळे सगळे तिच्याकडे बघायला लागले. "शिवपुत्रा, घरातलं मानूस टाकून मी मैंदर्गीला जात न्हाय. ती ट्रंक आत ठिव."

"पर वैनी," मानसिंग म्हणाला, "मला त्येचं बोलणं कळत न्हाय. मला कानडी येत न्हाय."

"मग शिका. त्येंनी तुमची शिकलीच की."

"शिकली? कवा?" मानसिंगने विचारलं.

"मैंदर्गीहून आले तवा त्येंना मराठी येत हुती व्हय?" अक्कम्मा म्हणाली. "एक शबूद येत नव्हता. दुकानात सगळी हसायची. तुमी तेवढं हसला न्हाय म्हणं. तुमच्या शेजारी बसून बसून शिकले. मला किती येळा सांगितलंय त्येंनी."

मानसिंगला यातलं काही आठवत नव्हतं. त्याला आठवत होता तो मराठी बोलणाराच अण्णा. त्याच्याआधीचा, पायरीवर मुका बसलेला पोरगा त्याने बघितला असणार, आणि त्याला बोलता करून विसरूनही गेला असणार.

शिवपुत्राने ट्रंक उचलून आत नेली. मानसिंगने स्टूल ओढलं आणि अण्णारावांच्या अगदी जवळ, त्यांच्या चांगल्या बाजूला बसला. उघड्या दाराकडे बोट दाखवून त्याने भुवया उडवल्या.

"बागिलु," अण्णाराव म्हणाले.

"भागीलू."

महादेवी हसली, अक्कम्माही हसली. अण्णाराव हसले नाहीत. त्यांनी मानसिंगच्या गुडघ्यावर हात ठेवला आणि तोच शब्द पुन्हा म्हटला, आणखी हळू.