मुक्या मुळांची ज्वारी

पौषातले ऊन कोवळे होते. कोवळे, केशरी, काचेसारखे नितळ. भीमेकाठच्या काळ्या रानावर ते अलगद उतरले आणि दवाने ओथंबलेला शाळू क्षणभर चांदीचा झाला. क्षणभरच. मग वारा आला, चांदी झडली, आणि उरला क्षितिजापर्यंत पसरलेला हिरवा एकांत.

त्या एकांतात मंदाकिनी धारवाडकर उभी होती.

वनस्पतींच्या आनुवंशिकतेची अभ्यासक ती. संशोधन केंद्राच्या या रानातच तिचे काळे केस रुपेरी झाले होते, आणि आता निवृत्ती दाराशी येऊन ठेपली होती. अलीकडे तिचा शाळू, पलीकडे शेजारच्या शेतकरीण मालनचा शाळू. मधे एक बांध. माती तीच, आभाळ तेच. पण मालनच्या रानात ज्वारीच्या उभ्या ताटांच्या पायाशी पांढरी फुले उमलली होती. शुभ्र, सुकुमार, निरागस फुले. टारफुला नावाच्या तणाची.

भुकेले मूळ मातीत एक सूक्ष्म रस सोडते. तो रस म्हणजे त्याची हाक. ती हाक असते बुरशीच्या रेशीमतंतूंना: या, दूरचे अन्न आणून द्या, मी तुम्हाला माझी साखर देईन. पण वर्षानुवर्षे मातीत निजलेले, धुळीहून बारीक असे टारफुल्याचे बीही त्याच हाकेने जागे होते. जागे होते, आणि हाक देणाऱ्याच्याच मुळात तोंड खुपसते. वर फुले हसत राहतात. खाली शाळू आटत जातो.

मंदाकिनीच्या तुकड्यात एकही पांढरे फूल नव्हते. ज्या जनुकातून ती हाक जन्मते, ते जनुकच या ज्वारीत नव्हते. मुक्या मुळांची ज्वारी! तिने आणि श्रीनिवासने मिळून घडवलेली. श्रीनिवास तिचा सहकारी, तिचा सहचर. ज्वारी पुरती हाती येण्याआधीच तो गेला. एका साध्या तापाने, साध्या मंगळवारी.

केंद्राचे संचालक बिराजदार यांचा फोन आला. "मॅडम, अभिनंदन! शेतकरी मेळाव्यात वाण जाहीर करून टाकू." तिने आभार मानले, फोन ठेवला, आणि सवयीने उजवीकडे मान वळवली. ओठांवर शब्द आलेही होते: श्री, बघितलंस?

उजवीकडे वारा होता. नुसता वारा.

आनंद हाही एक भार असतो. वाटून घ्यायला कोणी नसले की खांदा भरून येतो. तो भार घेऊन ती चालत राहिली. रानाच्या पार टोकाला, जिथे काळी माती संपते आणि मुरमाड, हाडकुळी जमीन उघडी पडते, तिथपर्यंत.

आणि तिथे ती थबकली.

तिथला तिचाच शाळू गुडघाभर उंचीवर खुंटला होता. पाने जांभळट, कडा करपलेल्या. टारफुला नाही, कीड नाही, रोग नाही; आणि तरीही मरणकळा. तिने एक ताट उपटले, प्रयोगशाळेत नेले, मुळे धुऊन सूक्ष्मदर्शकाखाली ठेवली. मुळे स्वच्छ होती. नको इतकी स्वच्छ. एकही रेशीमतंतू त्यांच्यापर्यंत आला नव्हता. कसदार मातीत हे मौन खपून गेले होते; उपाशी मातीत त्याच मौनाने जीव घेतला होता. शत्रूने ऐकू नये म्हणून गप्प राहिलेले मूळ मित्रालाही ऐकू गेले नव्हते.

दुपारी बांधावर मालन आली. उन्हाने रापलेला चेहरा, डोक्यावर पदर, मुठीत पांढऱ्या फुलांचा चुरगळलेला झुबका.

"बाई, तुमच्यात एक बी फूल न्हाई. पुढल्या पेरणीला मला ह्यातलं बी द्या की."

देणे किती सोपे होते! पण मालनचे अर्धे रान मुरमाचे होते.

"नाही, मालनबाई. अजून नाही. तुमच्या मुरमात ही ज्वारी उपाशी मरेल. फुलं येणार नाहीत, पण कणीसही येणार नाही."

"आमच्या वाट्याला समदं उशिराच," मालन एवढेच म्हणाली, आणि पाठ फिरवून चालू लागली. त्या पाठीवर राग नव्हता. राग असता तर बरे झाले असते.

संध्याकाळी मंदाकिनीने बिराजदारांना मेळाव्यातली घोषणा थांबवायला सांगितली. ते म्हणाले, "तुम्ही निवृत्त व्हाल, मॅडम. पुढचं कोण करणार?"

"कुणीतरी करील. सुरुवात मी करते."

केंद्राच्या जुन्या गावठी वाणांत एक तांबड्या दाण्यांची ज्वारी होती. तिची हाक मुकी नव्हती; तिचा स्वर निराळा होता. रेशीमतंतू तो ओळखत. टारफुल्याच्या बियांना तो उमगत नसे. पण तिचे ताट लेचेपेचे, कणीस विरळ. श्रीनिवासने ती बाजूला सारली होती. "स्वर कसले शोधतेस? मौन जास्त भरवशाचं," तो म्हणाला होता. तिने तेव्हा ऐकले होते. आज प्रथमच ती त्याच्याशी असहमत होत होती, आणि वाद घालायला तो नव्हता. त्याच्या चुकीसकट तो तिला हवा होता.

पहाटवाऱ्यात तिने तांबड्या ज्वारीचे सोनेरी पराग कागदावर झाडून घेतले. मुक्या ज्वारीच्या कणसातले पुंकेसर तिने आधीच चिमट्याने खुडले होते. त्यावर ती पिवळी धूळ अलगद शिंपली, वर कागदी पिशवी चढवली.

मान वर केली तेव्हा बांधापलीकडे मालन दिसली. एकटीच, कंबरेत वाकून, टारफुला उपटत होती. बी धरण्याआधी, फुलामागून फूल.

"मालनबाई!"

आवाज घोगरा निघाला, न वापरलेल्या दारासारखा. मालनने कपाळावर हात धरून पाहिले. मंदाकिनी बांध ओलांडून गेली, वाकली, आणि पहिले फूल तिने देठाशी धरून हळूच ओढले. मालनने सरकून तिला शेजारची ओळ दिली. दिवसभर पांढरे ढीग वाढत गेले, वाढत गेले आणि कोमेजत गेले.

दिवस कलला. डोईवर हिरव्या वैरणीची पेंढी घेऊन मालन गावाकडे निघाली. खूप दूर गेल्यावर वळली.

"उद्या येताय न्हवं?"

"येते!" मंदाकिनी ओरडली. वारा उलटा होता. शब्द शाळूवरून गेला, करडईच्या काट्यांवरून गेला, काळ्या भेगांवरून, पिवळ्या धुळीवरून गेला. पोचला की नाही, कळले नाही. पेंढी लहान होत गेली, ठिपका झाली, संधिप्रकाशात विरली, आणि मंदाकिनी तिथेच उभी राहिली, मातीने माखलेले हात तोंडाभोवती धरून, पुन्हा एकदा, जरा मोठ्याने: "येते!"