एकूण जन्मलेली मुले

"त्रण," रेवाबेन म्हणाली आणि ताकातली रवी पुन्हा फिरवू लागली.

निरुपमाबाईंनी मांडीवरच्या जनगणनेच्या पत्रकात 'हयात मुले' या रकान्यात तीन लिहिले आणि पुढचा प्रश्न वाचला. "आणि एकूण जन्मलेली?"

"त्रण ज ने, बेन. एकच गोष्ट सरकार दोन-दोनदा विचारतं?"

ओट्यावर बाजरी निवडत बसलेली रेवाबेनची सासू सुपातली नजर वर न उचलता म्हणाली, "पेलो पण हतो ने, रेवा. अखात्रीजवाळो."

रवी थांबली. अक्षय्यतृतीयेला झालेल्या त्या मुलाचे नाव घरात निघत नसावे, हे रेवाबेनच्या चेहऱ्यावरूनच कळत होते. "त्याची तर छठ्ठीसुद्धा झाली नाही, बा," ती सासूला हळू आवाजात म्हणाली. "छठ्ठी नाही झाली त्याला काय मोजायचं?"

निरुपमाबाईंना हे कुणी समजावून सांगायची गरज नव्हती. जन्मल्यापासून सहाव्या दिवशी विधाता नावाची देवी येते आणि कपाळावर नशीब लिहून जाते, असे ही गुजराती माणसे मानतात. आपल्याकडे तेच काम सटवाई करते. तिने लिहायच्या आधीच जे मूल गेले ते आलेच नव्हते असे समजायचे, रडायचेही नाही, आणि वर्षभरात पुन्हा पाळणा हलला की सगळे विसरायचे, असा हा हिशेब. कुणी ठरवला कोण जाणे. ज्याने ठरवला त्याच्या पोटी मूल नक्कीच जन्मले नसणार.

पण सरकारने या वेळी वेगळेच काढले होते. तालुक्याच्या ठिकाणी शिक्षकांना जनगणनेचे प्रशिक्षण दिले, तेव्हा निम्मे गुरुजी पेंगत होते आणि उरलेले भत्त्याची चौकशी करत होते. निरुपमाबाईंनी मात्र ते वाक्य ऐकले आणि घरी आल्यावर सूचनांच्या पुस्तकात पुन्हा शोधून काढले होते. मूल जिवंत जन्मले असेल आणि एकच श्वास घेऊन गेले असेल, तरी ते जन्मलेल्यांत धरायचे.

"नियम आहे, रेवाबेन," त्या म्हणाल्या. "एक श्वास घेतला असेल तरी लिहायचं."

"साचे? सरकार एने गणे छे? मोजतं त्याला?"

"गणे छे."

रेवाबेनने हात पदराला पुसले. "तो लखो. चार." आणि मग, कुणी विचारले नसताना, तो पाच दिवस होता, उजव्या मुठीत धरलेले बोट सोडत नसे, असे सगळे ती सांगत बसली. सासूनेही दोन-तीन गोष्टींची भर घातली. निघताना दोघींनी निरुपमाबाईंना आग्रहाने ताकाचे दोन पेले पाजले.

नानेरा तसे धड गाव नाही की धड शहर नाही. एका अंगाला ढाढर नदी, तीन अंगांना कापूस, मध्ये सात फळियांची, म्हणजे मोहल्ल्यांची, दाटी, एक बाजार, एस.टी.चा थांबा, आणि गायकवाडी अमदानीतल्या जुन्या ठाण्याच्या इमारतीत ग्रामपंचायत. पावसाळ्यात नदी वर आली की पलीकडची फळी आठ-आठ दिवस तुटायची. सरपंचांना ध्यास होता तो नगरपंचायतीचा. वस्ती दहा हजारांवर गेली की नगरपंचायत होणार, मग नळ येणार, नदीवर पूलसुद्धा येणार, असे त्यांचे मनातले मांडे. १९८१च्या त्या फेब्रुवारीत वाटेत भेटेल त्या शिक्षकाला हटकून ते आकडा विचारायचे, "केटला थया?"

इकडे रेवाबेनच्या घरची बातमी दुपारपर्यंत सगळ्या फळीत पोचली होती. ज्या घरी मोजणी होऊन गेली होती तिथल्या बायका निरुपमाबाईंच्या मागे आल्या. "बेन, माझं एक राहिलं." "बेन, माझी दोन लिहा, जोडकी होती." सत्तरीची एक बाई तर काठी टेकत आली. तिची नोंद बाईंच्या पत्रकात बसतच नव्हती, कारण ती दुसऱ्या फळीतली होती; पण तिचे ऐकून घ्यायला काय हरकत होती? निरुपमाबाईंनी ऐकून घेतले. सरपंचांना हे कळले तेव्हा ते धावतच आले, आणि ही मुले वस्तीत धरली जात नाहीत हे ऐकून त्यांचा चेहरा असा उतरला की निरुपमाबाईंना हसू आवरेना.

रोज संध्याकाळी मात्र शाळेमागच्या खोलीत परतल्यावर त्यांना हसू येत नसे. एकोणीस वर्षे त्या नानेऱ्यात शिकवत होत्या. सोमवारी पहाटेच्या एस.टी.ने बडोद्याहून यायचे आणि शनिवारी दुपारी परत जायचे. या गावाला त्यांच्याबद्दल सगळे ठाऊक होते. त्यांच्या मेथीच्या लाडवांची चव ठाऊक होती, चष्म्याचा नंबर ठाऊक होता, आणि बेनला मूलबाळ नाही हेही ठाऊक होते. बिचारी बेन, म्हणून तर आपल्या पोरांवर एवढी माया करते, असे म्हणत गावाने ते केव्हाच पचवून टाकले होते.

त्यांना मुलगी झाली होती. चार दिवस होती. पाचवीची पूजा व्हायची होती त्या सकाळी गेली. सासूबाई तेव्हा म्हणाल्या होत्या, "झालं गेलं. आता या घरात तिचा विषय नको." त्या वाईट नव्हत्या, त्यांना वाटले असावे की बोलले नाही की दुखत नाही. दुसरा पाळणा हलला नाही, आणि विषय निघाला नाही तो नाहीच.

त्या रविवारी बडोद्यात, अकोट्याच्या घरी जेवताना त्यांनी माधवरावांना रेवाबेनची गोष्ट सांगितली. माधवराव कॉलेजच्या कचेरीत होते. माणूस मितभाषी, बायकोचे सगळे ऐकून घ्यायचे आणि शेवटी "बरं" म्हणायचे. आज "बरं" आले नाही. त्यांनी आमटीची वाटी बाजूला सरकवली.

"इथं आला होता तो मोजणीवाला," ते म्हणाले. "मी सांगितलं, सौभाग्यवतींचं नाव नानेऱ्याला लागेल. त्या तिकडं राहतात."

"हो, तिकडंच लागणार."

"मग तुझं कोण लिहितं? तूच?"

"स्वतःचं नाही लिहिता येत मला. शाळेकडची घरं फत्तेसिंहरावांकडे आहेत, तलाट्यांकडे."

"म्हणजे ते विचारतील."

"विचारतील."

माधवराव बराच वेळ ताटातल्या भाताशी चाळा करत राहिले. "तिचे कान तुझ्यासारखे होते," ते एकदम म्हणाले. "पाळ्या अशा चिकटलेल्या. आई आंघोळीला गेली की मी येऊन बघत असे. तू झोपलेली असायचीस."

वीस वर्षे झाली होती. निरुपमाबाईंना वाटत आले होते की ह्यांनी तिला नीट पाहिलेसुद्धा नसेल. एवढी वर्षे त्यांनी मनातल्या मनात या माणसावर थोडासा राग धरून ठेवला होता. आता तो कुठे ठेवावा हेच कळेना. त्या ताटावरच रडल्या, आणि माधवरावांनी, जन्मात प्रथमच, उष्ट्या हातानेच त्यांच्या खांद्यावर थोपटले.

"सांग त्यांना," ते म्हणाले. "विचारलं की सांग."

सोमवारी बाई नानेऱ्याला आल्या त्या मनाशी उत्तर पाठ करूनच. मंगळवारी फत्तेसिंहराव आले नाहीत, बुधवारीही आले नाहीत. दिवसभर घरे मोजून आल्यावर बाई खोलीचे दार उघडे टाकून, चहाचे आधण तयार ठेवून बसायच्या. फेब्रुवारी संपला. एक मार्चच्या सूर्योदयाला जे जिवंत ते धरायचे, आणि पुढचे पाच दिवस पुन्हा घरोघर फिरून मधल्या काळातले जन्म-मृत्यू लावायचे, असा नियम होता. तेव्हा तरी येतील, असे बाईंना वाटले. बाजारात फत्तेसिंहराव दिसले, त्यांनी लांबूनच नमस्कार केला आणि घाईने पुढे गेले.

सहा तारखेला शुक्रवारी सगळे कागद तालुक्याला जायचे होते. आपल्या फळीचे पत्रक द्यायला बाई पंचायतीत गेल्या तेव्हा बाहेर जीप उभी होती आणि फत्तेसिंहराव लाल कापडातल्या गाठोड्याची शेवटची गाठ मारत होते. त्यांचे आजोबा संस्थानच्या फौजेत होते. मिशा आजोबांच्या आणि स्वभाव एखाद्या आत्याबाईचा, असे हे गृहस्थ.

"आवो बेन, आवो. तुमचंच बाकी होतं. तुमचा कालचा आकडा धरून सगळे मिळून नऊ हजार नऊशे एकसष्ट. सरपंच तर सकाळपासून जेवले नायत."

"फत्तेसिंहराव, माझी मोजणी?"

"ते तर मी ते दिवशीच भरून टाकलं ने! पगारपत्रकावरून सगळं भेटलं. तुमाला कशाला हेरान करायचं?"

"आणि मुलांचा रकाना?"

फत्तेसिंहराव गाठीकडे बघू लागले. "ते... ते पण भरलं. दोन्ही ठिकाणी मींडं मांडलं, शून्य." मग, अपराधी आवाजात, "मी तीन वेळा आलो होतो, बेन. दारापर्यंत येऊन परत गेलो. असं कसं विचारायचं तुमाला? आमाला काय माहीत नाय?"

एवढा मोठा माणूस आपल्याला दुखवायला नको म्हणून तीन वेळा दारातून परत गेला, याचे बाईंना भरून आले. पण सकाळपासून, आठवडाभरापासून, खरे तर वीस वर्षांपासून जे घशाशी येऊन थांबले होते ते आज गिळले असते, तर त्या गाठोड्यातून ते शून्य तालुक्याला, तिथून बडोद्याला, तिथून दिल्लीला गेले असते, आणि कायमचे राहिले असते.

"तुम्ही चांगल्या मनानं केलंत," त्या म्हणाल्या. "पण चूक आहे ते."

बाहेर जीपचा हॉर्न वाजला.

"चूक?"

"एकूण जन्मलेली, एक." पाठ केलेले उत्तर एवढेच होते. "हयात, शून्य. ते तुम्ही बरोबर लिहिलंय."

फत्तेसिंहरावांनी त्यांच्याकडे पाहिले, गाठोड्याकडे पाहिले, आणि मग खिडकीतून ड्रायव्हरला ओरडून सांगितले, "दस मिनिट! चा पी आव!" करकचून मारलेल्या त्या गाठी नखांनी सुटेनात, त्यांनी खाली वाकून दातांनी सोडवल्या. शाळेकडच्या घरांचा गठ्ठा बाहेर काढला, थुंकी लावून एकेक पान उलटले आणि निरुपमा माधव अशा नावाचे पान टेबलावर सपाट केले. 'एकूण जन्मलेली' समोरच्या शून्यावर एक आडवी रेघ मारून शेजारी एक मांडला. दुरुस्तीखाली सही केली.

"मुलगा का मुलगी?"

हा प्रश्न त्यांना कुणी कधी विचारलाच नव्हता. घरच्यांना ठाऊक होते आणि बाहेरच्यांना ती झाल्याचेच ठाऊक नव्हते.

"मुलगी," त्या म्हणाल्या. "चार दिवस होती."

"मुलगी," फत्तेसिंहरावांनी लिहिता लिहिता म्हटले. मग नियमाप्रमाणे सगळे पान पहिल्या ओळीपासून मोठ्याने वाचून दाखवले. एरवी ते कुणालाच वाचून दाखवत नसत. त्यांनी गाठोडे पुन्हा बांधले. जीप गेल्यावर ते बाईंना सोडायला पायऱ्या उतरून रस्त्यापर्यंत आले, आणि तिथे उगाचच कापसाच्या भावाबद्दल काहीतरी बोलले.

शाळेची घंटा व्हायला अवकाश होता. बाई टपालघरात गेल्या. नानेऱ्याचे टपालघर म्हणजे कांतिभाई पोस्टमास्तरांच्या घराची पुढची खोली. कांतिभाईंना एकच व्यसन होते. हाती आलेले प्रत्येक कार्ड ते शिक्का मारण्यापूर्वी वाचायचे, आणि कार्डातली बातमी मालकाच्या आधी गावाला पोचवायचे. म्हणून घरचे काही लिहायचे असले की बाई नेहमी आंतर्देशीय पत्र घ्यायच्या आणि डिंक दोनदा लावून चिकटवायच्या.

उद्या कार्डाआधी आपणच घरी पोचू हे ठाऊक असूनही आज त्यांनी पोस्टकार्ड मागितले. तिथेच फळीवर टेकून, ठळक अक्षरात लिहिले:

'सप्रेम नमस्कार. आज सांगितले. आपली मुलगी मोजली गेली. शनिवारी येते.'

कांतिभाईंनी सवयीप्रमाणे चष्मा सरकवून कार्ड वाचले. मराठी त्यांना अर्धीमुर्धी येत असे. त्यांनी ते पुन्हा वाचले. एकदा बाईंकडे पाहिले. बाईंनी नजर वळवली नाही.

मग कांतिभाईंनी शिक्का शाईच्या गादीवर दाबला, आणि एकही अक्षर त्याखाली जाणार नाही असा, कार्डाच्या अगदी कोपऱ्यात, जपून उमटवला.