उजव्या गुडघ्याचा कागद

एक्स-रे काढताना गुडघ्याशेजारी शिशाचं अक्षर ठेवायचं असतं. उजव्याला ‘उ’, डाव्याला ‘डा’. अठरा वर्षं ठेवतेय. मंगळवारी एका हमालाच्या दुखऱ्या डाव्या गुडघ्याशेजारी मी ‘उ’ ठेवलं. का? दमले होते, दुसरं काय! लक्षात येईपर्यंत ‘उजवा गुडघा’ लिहिलेल्या कागदावर वरच्या कचेरीचा शिक्का बसला होता. दुसऱ्या दिवशी सकाळी त्याच्या धडधाकट गुडघ्यावर सुरी चालणार होती.

शिक्का बसलेल्या कागदात चूक नसते, असा आमच्याकडे नियम आहे. माझ्या आधीच्या बाईंनी एकदा चूक सांगितली होती, तीही स्वतःचीच. त्यांना चौकशीला नेलं. त्यांचा जेवणाचा डबा अजून माझ्या कपाटात आहे.

लोक म्हणतात, चूक कबूल करणं आपल्या रक्तातच नाही. डोंबल! माझी सख्खी बहीण लग्न होऊन नदीपलीकडच्या देशात गेली. तीही हेच काम करते. फोनवर खुशाल सांगते, “काल उलटं अक्षर ठेवलं गं. डॉक्टरांना सांगून परत काढला.” एका आईच्या पोटच्या आम्ही. पूल ओलांडताना हिचं रक्त बदललं की काय?

वॉर्डात गेले. म्हटलं, “दादा, दुखतो तो डावाच ना?”

हमालानं आधी दाराकडे पाहिलं. “कागदावर काय आहे, ताई?”

“उजवा.”

“मग उजवाच असेल,” म्हणाला, आणि डाव्या पायावर पांघरूण ओढून घेतलं. मला रडूच आलं. संतापही आला, त्याचा नाही, माझाच.

तशीच डॉक्टरांच्या खोलीत गेले. ‘चुकलं माझं’ एवढे दोन शब्द, पण जीभ वळेना. सवय कुठे होती! शेवटी कसंबसं बोलले. डॉक्टरांनी उठून दार लावलं.

“तुम्ही काही बोलला नाहीत,” ते म्हणाले. “आणि मला हल्ली ऐकू कमी येतं.”

सकाळी त्यांनी डावा गुडघा उघडला. कागद मात्र उजव्याचाच राहिला. मग तीन महिने, तपासणीवाले साहेब यायचे त्या दिवशी मी हमालाच्या उजव्या पायाला पट्टी बांधायची आणि त्यानं चांगल्या पायानं लंगडत त्यांच्यासमोरून जायचं. हसावं की रडावं! तिसऱ्या खेपेला साहेबांनी शिक्का मारला: उजवा गुडघा बरा.

काल तो पुन्हा आला. खुर्चीवर टेकला आणि हळूच म्हणाला, “ताई, लंगडून लंगडून आता उजवा खरंच दुखायला लागलाय हो.”

मी खणातून ‘उ’ काढलं. या वेळी दोनदा बघितलं. “चला, झोपा टेबलावर.”

ते अक्षर बघून तो घाईनं उठला.

“नको, ताई,” म्हणाला. “कागदावर तो बरा झालाय.”