काठी सुटेपर्यंत

कोण आलं, कोण गेलं, हे आमच्या आत्याबाईंना पावलांवरून कळायचं. ओट्यावर लसूण सोलत बसलेल्या असायच्या आणि मान वर न करताच म्हणायच्या, "रोहिणी, चहा टाक. लंकाबाई आली." मी डोकावून पाहावं तर खरंच शेजारच्या वस्तीवरच्या लंकाबाई बांधावरून येत असायच्या.

"तिच्या चपला फरफटत्यात," आत्याबाई सांगायच्या. "जिवाचा कंटाळा आल्यावानी चालती."

"ऐकू आलं बरं का मला," लंकाबाई ओट्यावर टेकत म्हणायच्या. "रोहिणे, साखर जास्त टाक. सासूच्या वाटची बी मलाच दे. तिला शुगर हाय न्हाई का."

आमची वस्ती राहुरीच्या अलीकडं, मुळेच्या पाटाखाली आहे. ऊस आणि कांदा. घरात आम्ही तिघंच. मी, माझे मालक आणि सासूबाई मनकर्णाबाई. मी त्यांना आत्याबाई म्हणते. मालकांचं पाऊल बिघडलंय, हेही पहिल्यांदा त्यांनीच ओळखलं.

"गोरक्षाचा डावा पाय उशिरा पडतुया," एका सकाळी त्या म्हणाल्या.

हे हसून गेले. तरुणपणी कबड्डी खेळायचे, तेव्हा डाव्या खुब्याला मार बसलेला. तो इतक्या वर्षांनी वर आला होता. पुढं मांडी घालता येईना. ट्रॅक्टरवर चढताना हातानं पाय उचलून ठेवावा लागे. जेवायला आई खाली पाटावर आणि आपण वर खुर्चीत, याची त्यांना इतकी लाज वाटायची की घास घशाखाली उतरायचा नाही. सगळ्यात वाईट म्हणजे दारं धरणं सुटलं. पाटाचं पाणी आलं की शेजारच्याला विनवणी करायची आणि आपण बांधावर उभं राहून बघायचं. वय चाळीशीचं.

सावेडीतल्या डॉक्टरांनी एका हाताची मूठ दुसऱ्या हाताच्या ओंजळीत फिरवून समजावलं. "वय कमी आहे, हाड चांगलं आहे. सगळा गोळा कापून टाकायला नको. वरून घासू, त्याच्यावर धातूची टोपी बसवू. समोरच्या वाटीला धातूचं अस्तर. पूर्वीसारखं काम करता येईल."

"दारं धरता येतील?" यांनी एवढंच विचारलं.

डॉक्टर शहरातले. मी सांगितलं, शेतात पाणी देताना सऱ्यांची तोंडं उघडायची, मिटायची, चिखलात उभं राहायचं, वाकायचं. ते हसले. "येतील. पण मी सांगेन तेव्हा. तोवर काठी सोडायची नाही. घाई केली तर टोपीखालचं हाडच मोडतं."

माघात ऑपरेशन झालं. घरी आणलं तेव्हा हातात वॉकर होता. तो फरशीवर आपटत आपटत हे आत आले, तशा आत्याबाई पदरानं डोळे पुसत म्हणाल्या, "चार पायांचं जनावर आलं व्हय माझ्या घरात?"

यांची नजर त्यांच्या पायांकडं गेली.

"आई, चपला कुठायत तुझ्या?"

"मारुतीपाशी ठिवल्या."

पाटाच्या कडेला आमचा मारुती आहे, डांबरी रस्त्यानं चालत गेलं की पाचदहा मिनिटांवर. ऑपरेशन चाललेलं असताना त्या तिथं बसून होत्या आणि नवस बोलून आल्या होत्या. गोरक्षाची काठी सुटेपर्यंत पायात वहाण घालणार नाही. रोज मारुतीला जाईन. आणि काठी सुटल्यावर त्यानंच मारुतीसमोर बसून आपल्या हातानं माझ्या पायात चप्पल घालायची.

"तुला शुगर हाय आई. पायाला जपायला सांगितलंय ना तुला?"

"डॉक्टरला तुजा पाय बघू दे. माजा मारुती बघंल."

मीही अडवलं नाही. माझेही सोमवार असतात, तुळशीला पाणी घातल्याशिवाय मी चहा घेत नाही. खरं सांगायचं तर मला धीर आला होता. हे दुखणं एका बाजूनं डॉक्टरांनी धरलंय, दुसऱ्या बाजूनं कुणीतरी घट्ट धरलंय, असं वाटलं.

मग घरात एकच काम होतं. दोन पायांमध्ये उशी घेऊन झोपायचं, खाली बसायचं नाही, मांडी नाही, पायावर पाय नाही. पडल्या पडल्या टाच सरकवत गुडघा वर आणायचा, पाय बाजूला उचलायचा, हळू खाली ठेवायचा. हे पाय उचलायचे आणि आत्याबाई शेजारी बसून प्रत्येक उचलीला रामाचं नाव घ्यायच्या.

"आई, जरा दमानं घे की नाव. माझा पाय तेवढ्या चटाचटा उठत न्हाई."

"तूच उचल चटाचटा. रामाला कशाला थांबवू?"

वॉकर गेला, कुबड्या आल्या. कुबड्या गेल्या, काठी आली. प्रत्येक वेळी आत्याबाई आवाज ऐकायच्या आणि मला सांगायच्या. काठीचा ठोका आधी जोरात पडायचा. चैत्रात तो हलका होत गेला.

ऊन मात्र वाढत गेलं. चैत्र सरेतो डांबर पघळायला लागलं. आत्याबाई भर दुपारीसुद्धा मारुतीला जाऊन यायच्या. कधी पाटावर बायका भेटत, बोलण्यात वेळ जाई.

"गाडीचे टायर चिकटायला लागलेत," लंकाबाई म्हणाल्या, "आन् ही बाय चिखलातनं चालल्यावानी चालती. पोळत कसं न्हाई गं तुला?"

"न्हाई पोळत. मला बी वाटलं हुतं लई पोळंल. पन काईच वाटत न्हाई बघ. त्यानं आपल्या अंगावर घेतलं."

हे वस्तीवस्तीवर गेलं. शनिवारी मारुतीपाशी बायका त्यांच्या पाया पडायला लागल्या. त्या पाय लुगड्याखाली ओढून घ्यायच्या. "माज्या न्हाई. त्याच्या पडा, त्याच्या."

एका दुपारी त्या उन्हातून आल्या आणि ओट्यावर बसल्या, तेव्हा मीही डोकं टेकवलं. एवढ्या उन्हातून आलेले ते पाय थंडगार होते. मला भरून आलं. मी कपाळ तिथंच ठेवून बराच वेळ राहिले. थोर माणसांबद्दल ऐकतो आपण अशा गोष्टी, माझ्या घरात ही एक आहे, असं वाटलं.

यांना ते बघवत नव्हतं. एकदा काठी दारामागं ठेवून हे अंगणात चालले. आतून आवाज आला.

"गोरक्षा, काठी कुठाय?"

"सुटली."

"सुटली न्हाई. डावं पाऊल अजून लंगडं पडतंय. मला फसवशील, त्याला कसं फसवशील? उचल काठी."

यांनी काठी उचलली. जेवताना मला हळूच म्हणाले, "तिच्यासाठी सोडावी म्हणलं, तर तीच सोडू देत न्हाई."

वैशाखात सावेडीला गेलो. डॉक्टरांनी फोटो उजेडासमोर धरला, यांना चालायला लावलं, खाली बसवलं, उठवलं. "काठी घरी ठेवा आता," म्हणाले. हे परत येताना राहुरीच्या बाजारात थांबले. आत्याबाईंसाठी चपला घ्यायच्या होत्या. दुकानदारानं दाखवलेल्या प्रत्येक चपलेचा तळ यांनी अंगठ्यानं दाबून पाहिला. शेवटी एक मऊ जोड पसंत केला.

शनिवारी सकाळीच निघालो. मी, आत्याबाई, लंकाबाई, आणि पुढं हे. हात मोकळे. आत्याबाई मध्येच रस्त्यात थांबल्या आणि डोळे मिटून उभ्या राहिल्या. मी विचारलं, चक्कर आली का.

"गप. ऐकू दे," म्हणाल्या. "दोनी सारखी पडत्यात."

मारुतीला तेल घातलं, नारळ फोडला. आत्याबाई पायरीवर बसल्या. हे त्यांच्यासमोर उकिडवे बसले. कित्येक वर्षांनी मी यांना असं बसलेलं पाहत होते. लंकाबाई म्हणाल्या, "बसला गं बाई, बसला," आणि नाक ओढलं.

उजवी चप्पल घातली. डावा पाय आत्याबाईंनी लुगड्याखाली घेतला होता.

"दे, ती मी घालते."

"नवस तसा न्हाई ना," हे हसत म्हणाले आणि पाय ओढला. पायाला हळदीनं पिवळी झालेली चिंधी गुंडाळलेली होती. "हे काय?"

"काटा रुतला हुता बाभळीचा. हळद भरली. काई न्हाई."

चप्पल चढेना. यांनी चिंधी सोडली. कितीतरी दिवस आत्याबाईंच्या कोपऱ्यात सारखा धूप जळत असायचा. त्या धुपाच्या वासाखाली कुठला वास दडला होता ते मला तेव्हा कळलं. तळव्यात भोक पडलं होतं आणि बोटांपासून अर्धा पाय काळा होता.

यांनी भोकाच्या कडेला बोट टेकवलं, मग दाबलं. आत्याबाईंचा चेहरा हलला नाही.

"आई, दुखतंय?"

"न्हाई रे. काईच न्हाई. तेच तर सांगते मी कवाधरनं."

आणि त्या यांच्याकडं बघून हसल्या. यांच्या हातात त्यांचा पाय तसाच राहिला.

सावेडीत दुसरे डॉक्टर होते. त्यांनी सुईचं टोक पायाला जागोजागी लावून पाहिलं. शुगरनं पायाची जाण आधीच मेली होती, म्हणाले, रक्तही नीट पोचत नव्हतं. म्हणून ऊन लागलं नाही, काटा लागला नाही, कुजायला लागलं तेही कळलं नाही. "कधीपासून पायाला काही जाणवत नव्हतं, आजी?"

आत्याबाईंनी थोडा विचार केला. "नवस बोलले तवापासून ध्यानात आलं," म्हणाल्या.

त्या थंडगार पायांवर ठेवलेलं कपाळ मी तिथं बाकावर बसून नुसतं चोळत राहिले.

पाय गुडघ्याखाली काढावा लागला. त्या दिवसांत हे किती वेळा जिने चढले-उतरले असतील. औषधं, रक्ताची पिशवी, डबा, पुन्हा औषधं. एकदा जिन्यात यांचे स्वतःचे डॉक्टर भेटले. वरच्या पायरीवर थांबून त्यांनी यांना चढताना पाहिलं. "वा, काय छान चालताय," म्हणाले. हे कठडा धरून उभे राहिले. त्या भल्या माणसाला नमस्कार करायचा, हेही यांना सुचलं नाही.

ज्येष्ठात आत्याबाईंना घरी आणलं. पाऊस लांबला होता, जमीन तापलेलीच होती. त्यांची खाट ओट्यावर ठेवली. एक चप्पल त्यांच्या उजव्या पायात असायची, झोपतानासुद्धा. दुसरी मी फळीवर ठेवली होती.

"टाकू नगं ती," त्यांनी मला बजावलं. "जयपूरचा पाय बसवला की लागंल. गोरक्ष रोजच्या रोज शिकला तशी शिकंन मी. त्याला फक्त सांग, दमानं नाव घे म्हणावं."

असं बोलायच्या. पण उन्हं तिरपी झाली की भिंतीकडं तोंड करून पडायच्या. पाया पडायला येणाऱ्या बायका आता येत नव्हत्या. लंकाबाई यायच्या. चहात साखर नको म्हणायच्या.

हे पुन्हा दारं धरायला लागले होते. पाटाला पाणी आलं की फावडं खांद्यावर टाकून जायचे, चिखलातून भरल्या पायांनी यायचे. ज्यासाठी एवढं केलं ते यांना मिळालं होतं. पण त्याबद्दल एक अक्षर बोलत नव्हते.

एका सकाळी मी तुळशीला पाणी घालत होते.

"रोहिणी, गोरक्ष कवा गेला?"

"आत्ताच की. तुमच्या समोरूनच गेले."

"ऐकू न्हाई आला."

मी म्हणणार होते, डोळा लागला असेल. पण माझी नजर उंबऱ्याकडं गेली. यांच्या चपला तिथंच होत्या, एकीला एक लावून नीट ठेवलेल्या. आत्याबाई माझ्या तोंडाकडं बघत होत्या. त्यांना माझ्याआधी समजलं होतं.

"हाक मार त्याला."

हे बांधावरून परत आले. खाटेसमोर उभे राहिले, तेव्हा एक पाय दुसऱ्यावर घासत होते.

"काय बोललास मारुतीला?"

यांनी मान खाली घातली. मग म्हणाले, "तू चालायला लागेपतूर."

आत्याबाईंनी डोळे मिटून घेतले. मला वाटलं रडतील. नवसाला खोटं चालत नाही म्हणणारी ती बाई. आपल्याच लेकानं आपल्यासाठी बोललेला नवस मोड म्हणून ती कसं सांगणार?

"गोरक्षा, पाय पोळतुया का?"

"व्हय."

"लई?"

"लई पोळतुया."

"मंग बरं हाय," त्या म्हणाल्या. "घाल चपला."

"आन् नवस?"

"माज्या नावानं बोललास ना? मंग मीच सोडवते. रोहिणी, तांब्या आण."

मी तुळशीपाशी ठेवलेला तांब्या तसाच आणला. त्यांनी यांना हात पुढं करायला लावला आणि त्या हातावरून पाण्याची धार खाली मातीत सोडली. ओठ हलत होते. मारुतीशी काय बोलल्या ते मला ऐकू आलं नाही. तांब्या रिकामा झाला तरी धरून होत्या.

यांनी उकिडवे बसून चपला घातल्या, फावडं उचललं आणि गेले. अंगण, मग बांध, मग पाटाकडचा रस्ता. आत्याबाई मान तिरकी करून ऐकत होत्या. आवाज बारीक होत होत संपला, तरी त्या तशाच होत्या.

"सारखी पडत्यात ना गं दोनी?"

"सारखी पडतात, आत्याबाई."

त्यांनी उजव्या पायातली चप्पल काढून माझ्या हातात दिली. "ही बी ठिव वर. त्याचं मी माज्या अंगावर घेतलं," म्हणाल्या आणि भिंतीकडं वळल्या.