कावेचं रिंगण

अनुसयाच्या हाताला गुण होता, निदान नांदे गावात तरी सगळे तसं मानायचे. अंगावर लाल सूज येऊन ती पसरायला लागली, की गावात तिला धावरं म्हणतात. अनुसया त्या सुजेभोवती कावेचं, म्हणजे गेरूसारख्या तांबड्या मातीचं, रिंगण ओढायची, आणि धावरं त्यातच अडकून बसायचं म्हणे. शेजारच्या सूस गावातल्या सोसायट्यांतली शिकलेली माणसंसुद्धा डॉक्टरची औषधं चालू ठेवून गुपचूप तिच्याकडे येऊन जायची. बरं वाटलं की श्रेय मात्र कावेला.

तिचा नवरा कोंडीराम तिला ‘आमची डाक्टरीण’ म्हणून चिडवायचा. चहूकडे इमारती उठल्या तरी त्यानं भाताचं एक खाचर हट्टानं राखलं होतं. त्याच खाचरात, लावणीच्या चिखलात, शेजारच्या बांधकामातली फरशीची कपची त्याच्या घोट्याला लागली. जखम कसली, नुसता ओरखडा. गडी साखरेचा पेशंट, गोळ्या आठवतील तेव्हा घेणारा. त्यानं चिखल धुतला आणि जेवायला बसला.

दुसऱ्या दिवशी सकाळी पाय असा ठणकायला लागला की तो उशीत तोंड खुपसून ओरडू लागला. बघावं तर घोट्यापाशी जराशी लाली. एवढ्याशा लालीला एवढा आकांत कसा, हे अनुसयाला खटकलं होतं. पण तिनं काव कालवली आणि रिंगण ओढलं. दुपारी लाली रिंगणाबाहेर आली. असं आजवर कधी झालं नव्हतं. तिनं वरच्या अंगाला दुसरं ओढलं. कोंडीरामचं अंग तापलं, तो काहीबाही बरळू लागला.

“आई, गाडी काढतो,” मुलगा रवी म्हणाला.

“थांब जरा. माझ्या हाताला आजवर अपेश न्हाई,” ती म्हणाली.

दिवेलागणीला कोंडीराम एकाएकी शांत झाला. “अनुसे, थांबलं गं दुखायचं.”

अनुसयाचा जीव भांड्यात पडला. तिनं देवापुढे हात जोडले. तेवढ्यात सून नम्रता त्याचा पाय पुसायला बसली आणि तिचा हात जागीच थांबला. कातडी काळीजांभळी पडली होती, वर पाण्यानं टरारलेले फोड आले होते. “आई, मी दाबतीया, पर आबांना कळतच न्हाई,” ती म्हणाली. मग रवीनं कुणालाच विचारलं नाही.

दवाखान्यात डॉक्टरांनी पाय दाबून पाहिला. कातडीखाली चुरचुर वाजलं. “ही रिंगणं कुणी काढली?” त्यांनी विचारलं. अनुसयानं कावेनं माखलेली बोटं पदराआड घेतली. मग डॉक्टरांनीच खिशातलं पेन काढलं आणि गुडघ्याखाली, लाली संपत होती तिथं, एक रेघ ओढली. अनुसयाला वेडी आशा वाटली.

“ह्या रेघेनं थांबंल व्हय, डाक्टर?”

“रेघेनं काही थांबत नसतं, आजी. किती वेगानं पुढं सरकतंय, तेवढं कळतं. आत मांस मरत चाललंय. मेलेलं सगळं आत्ताच्या आत्ता कापून काढावं लागेल. मेलेल्या मांसात रक्त जात नाही, मग नुसतं इंजेक्शन देऊन औषध पोचणार कसं?”

“पर दुखायचं तर थांबलं हुतं.”

“नसा मेल्या म्हणून थांबलं,” डॉक्टर म्हणाले आणि ऑपरेशनच्या तयारीला गेले.

एकदा कापलं, पुन्हा नेऊन कापलं, आणि शेवटी मांडीपासून पाय काढला. माणूस वाचला.

घरी आल्यावर कोंडीराम तिला एका शब्दानंही बोलला नाही, आणि तेच तिला सोसेना. तिनं कावेचा डबा माळ्यावर टाकला. दारात कुणी आलं की, “माझ्याकडं काय न्हाई, दवाखान्यात जावा,” म्हणून ती वाटेला लावायची. घरात कुणी ‘थांब’ म्हटलं तरी ती दचकायची.

एका दुपारी कोंडीराम खाटेवर ओरडायला लागला.

“पाय दुखतुया.”

“कुटला?”

“त्योच. न्हाई त्यो.”

असं होतं, गेलेला पायही दुखतो, हे डॉक्टरांनी सांगून ठेवलं होतं. गोळीही दिली होती. ती तिनं दिली, पण तो तळमळतच राहिला.

“अनुसे, वढ की रिंगण.”

“थट्टा करताय व्हय माझी?”

“थट्टा न्हाई गं. लई दुखतंय.”

तिनं डबा उतरवला. काव कालवली. चादरीवर, जिथं त्याचा घोटा असायला हवा होता, बरोबर तिथं तिनं रिंगण ओढलं. शोधायला लागलं नाही, हाताला ती जागा पाठ होती. कोंडीराम त्या मोकळ्या चादरीकडे बघत राहिला. मग त्यानं डोळे मिटले.

“थांबलं गं दुखायचं.”

तेच शब्द. तोच आवाज. अनुसयाच्या हातातली वाटी खाली पडली. तिनं झडप घालून त्याचा उरलेला पाय धरला आणि पोटरीला जीव खाऊन चिमटा काढला.

“आगं मेले! जीव घेतीस का?” कोंडीराम किंचाळला.

“दुखलं?”

“दुखलं म्हंजे? मास तोडलंस की!”

“दुखू द्या,” ती म्हणाली, आणि तो पाय उराशी धरून रडत राहिली.