अमावस्येला बंद पडणारी गाडी

त्या सोमवारी सकाळी सात वाजता उदगीरच्या आमच्या गल्लीत एक मेलेली गाडी जिवंत झाली, आणि ते बघायला निदान शंभर माणसं जमली होती. दूधवाल्यानं कॅन खाली ठेवला होता. शाळेची रिक्षा पोरांसकट थांबली होती. एरवी शेजारी कुणी बोंबललं तरी दार न उघडणारी माणसं आज गच्चीवर चढली होती.

गाडीचं बॉनेट उघडं होतं आणि त्यावर भगवी शाल पांघरलेली. शालीखाली तेजोनाथ महाराज कमरेपर्यंत गडप झालेले. बाहेर नुसतं धोतर आणि टाचा दिसत होत्या. बायका त्या टाचांनाच नमस्कार करत होत्या.

“ये बालाजी, ये!” शालीतून आवाज आला. “भक्तांनो, ह्याचा आत्मा वायरिंगमधी गुतलाय. मेकॅनिकला काय कळणार? त्याला नुसते बारा व्होल्ट दिसत्यात. आत्मा बारा व्होल्टचा असतोय व्हय? त्याला ब्रह्मांडाचं चार्जिंग लागतं!”

एका शिष्यानं शंख फुंकला. महाराजांनी शालीतून एक हात बाहेर काढून बोट वर केलं. चालकाच्या जागेवर बसलेल्या दुसऱ्या शिष्यानं बटण दाबलं आणि मघापासून काळाठिक्कर असलेला गाडीचा पडदा उजळला. त्यावर घड्याळ होतं. घड्याळात एक वाजला होता.

“एक!” शिष्य किंचाळला. गर्दीतून एकच कालवा उठला, कारण गाडीचा मालक बालाजी गेल्या वर्षी हृदयविकारानं गेला तेव्हा दुपारचा एक वाजला होता, हे आख्ख्या गल्लीला ठाऊक होतं. मग गाडी निघाली. इंजिनची घरघर नाही, धूर नाही, नुसती सरकत दहा हात पुढं आली. लोकांनी हात जोडले. खरं तर ही गाडी दोन वर्षं रोज सकाळी याच गल्लीतून अशीच बिनआवाजाची जात होती. पण चमत्कार बघायला आलेल्या माणसाला रोजचं दिसत नाही.

मी शिवलिंग. तीस वर्षं शाळेत विज्ञान शिकवून निवृत्त झालोय आणि बालाजीच्या घरासमोरच राहतो. मी हात जोडले नाहीत. पण तोंडही उघडलं नाही, आणि त्याची मला अजून लाज वाटते.

गाडी हायब्रिड होती, म्हणजे पेट्रोलचं इंजिनही आणि विजेची मोटरही असलेली. बालाजीनं ती हैदराबादहून जुनी घेतली होती आणि बायकोला, पुनमला, हौसेनं चालवायला शिकवली होती. तो गेल्यावर पुनमनं ती बंद ठेवली नाही. ती जनावरांच्या दवाखान्यात नोकरीला आहे, बारा किलोमीटरवरच्या गावात. रोज गाडीनं जायची, आणि मंगळवारी-शुक्रवारी सुट्टी टाकून सासऱ्यांना, देविदासकाकांना, लातूरला डायलिसिसला न्यायची. सासूबाई सुभद्राबाईंनी गाडीच्या डॅशबोर्डवर बालाजीचा फोटो लावला होता आणि फोटोपुढं एक छोटा लाल दिवा. वर्षश्राद्ध होईपर्यंत तो विझू द्यायचा नाही असं त्यांनी मनाशी धरलं होतं, म्हणून वायरमनकडून असा जोडून घेतला होता की गाडी बंद केली तरी दिवा चालूच राहील.

त्यांच्या घरात आणखी एक रीत होती. अमावस्येला गाडी बाहेर काढायची नाही. आदल्या संध्याकाळी लावायची ती अमावस्या उलटल्यावर सकाळीच काढायची. आधीच्या महिन्यात अमावस्या शुक्रवारी आली, तेव्हा काकांचं डायलिसिससुद्धा त्यांनी शनिवारवर ढकललं. शनिवारी सकाळी गाडी चालूच होईना. पडदा काळा, डिकी उघडत नाही, बटण दाबलं की आतून नुसतं टकटक. आणि तो लाल दिवा विझलेला. इकडं काकांच्या अंगात पाणी साठून श्वास कोंडला. शेवटी एका पिकअपवाल्यानं वायर लावून गाडी चालू करून दिली. पण वायर लावली हे सगळे विसरले, अमावस्या तेवढी लक्षात राहिली. या महिन्यात अमावस्या रविवारी आली, आणि सोमवारी सकाळी गाडी पुन्हा मेलेली.

आधीच्या महिन्यात त्या शनिवारी सुभद्राबाईंनी मला विचारलं होतं, “सर, काय झालं असंल हो?” मी बॉनेटकडं नुसतं बघितलं आणि छातीठोकपणे सांगितलं, “मोठी बॅटरी गेली. ह्या गाडीत आता राम नाही.” न तपासता. विज्ञानाचा मास्तर! माझ्या त्या एका वाक्यानं सुभद्राबाई महाराजांच्या दारात गेल्या.

आता महाराज शालीतून बाहेर आले, झोळी सावरली आणि निकाल देऊन मोकळे झाले. “सूनबाई पोराच्या जागेवर बसती, ते त्याला खपंना. पुढच्या अमावस्येला गाडी परत मेली, तर त्याचा निरोप पक्का समजा. किल्ली माज्या पायाशी आणून ठेवायची. ही बाई पुन्हा चाकाला हात लावणार न्हाई. आन् तवापासून देविदासरावाला ते सुया टोचून रक्त उपसणं बंद. म्या तीर्थ देतो, किडनी धुवून निघंल.”

सुभद्राबाईंनी मान डोलावली. काका खुर्चीत बसून होते, त्यांचे पाय सुजलेले. त्यांना कुणी विचारलंच नाही.

त्याच संध्याकाळी पुनम माझ्या ओट्यावर आली. रेड्याला एकटीनं सुई टोचणारी बाई ती, पण डोळे रडून लाल झाले होते.

“सर, तुमी सकाळी गप का बसलात?”

“पुनम, मला नक्की ठाऊक नव्हतं.”

“मग ‘ठाऊक न्हाई’ म्हणायचं होतं! त्यो बाबा तर तेवढं बी न म्हणता मामांचं डायलिसिस बंद करायला निघालाय. दोन आठवड्यांत जीव जाईल त्यांचा.”

मी चप्पल घातली. आम्ही दोघं बसस्टँडमागं सबिहाच्या दुकानात गेलो. सबिहा जिलानीभाईंची मुलगी. आयटीआय करून बापाचं ऑटो इलेक्ट्रिकचं दुकान चालवते, आणि बापापेक्षा चांगलं चालवते हे जिलानीभाईच सांगतात. तिनं सगळं ऐकून घेतलं आणि दोनच प्रश्न विचारले.

“गाडी किती वेळ उभी व्हती?”

“आदल्या संध्याकाळपासून तिसऱ्या दिवशी सकाळपर्यंत.”

“आन् बंद केल्यावर आत काय चालू राहतंय का?”

“आत्यांचा दिवा,” पुनम म्हणाली.

सबिहानं कपाळाला हात लावला. “या अल्ला! आन् सर, तुमी म्हणलात मोठी बॅटरी गेली? तिला काय धाड भरली न्हाई. ह्या गाडीत दोन बॅटऱ्या असत्यात. उद्या आणा, छोटी बदलून देते.”

“उद्या नको,” पुनम म्हणाली. “गुपचूप बदललीस तर लोक म्हणतील, बाबांचा अंगारा लागू पडला. अमावस्येच्या दुसऱ्या दिवशी, सगळ्यांसमोर बदलायची.”

“आन् त्या दिवशी तुज्या सासऱ्यांना लातूरला?” सबिहानं विचारलं.

“दहाच्या आत पोचायचं. वेळ आली तर तुझा टेम्पो दारात उभा ठेव.”

पुढची अमावस्या सोमवारी आली. गाडी रविवारी संध्याकाळी लागली आणि मंगळवारी सकाळी, ठरल्यासारखी, मेलेली निघाली. सात वाजता महाराज हजर. या वेळी गर्दी दुप्पट. सुभद्राबाईंनी पुनमकडून किल्ली घेऊन महाराजांच्या हातात दिली.

“शेवटचं दर्शन देतो,” महाराज म्हणाले, “मग आत्म्याला मोकळं करतो.” किल्ली शिष्याला दिली, शाल पांघरली, झोळीसकट आत शिरले. शंख वाजला. पडदा उजळला. घड्याळात एक.

गर्दी ओरडायच्या आत सबिहा पुढं झाली आणि तिनं शाल दोन्ही हातांनी ओढून काढली.

महाराज वाकलेल्या अवस्थेतच राहिले. बॉनेटखालच्या फ्यूजच्या पेटीत एक लाल चिमटा लावलेला होता, बाजूच्या बोल्टला काळा. दोन्ही वायरी झोळीत जात होत्या. सबिहानं झोळीत हात घालून जाड वहीएवढी एक डबी बाहेर काढली आणि सगळ्यांना दिसेल अशी वर धरली. तिच्यावर हिरवा दिवा लुकलुकत होता.

“हे ब्रह्मांडाचं चार्जिंग,” ती म्हणाली. “बंद गाडीला जोर द्यायची बॅटरी. माज्या दुकानात तीन हायत.”

“हे शक्तिपात यंत्र हाय!” महाराज गरजले. “हात लावू नको, जळून खाक होशील!”

“रोज लावते, महाराज. बॅटरी तर मागं डिकीत असती, मग तुमी पुढं का घुसलात? कारण जोर द्यायची जागा पुढं हाय. तुमाला सगळं ठाऊक हाय.”

“आन् घड्याळ?” महाराजांनी गर्दीकडं तोंड केलं. “दर खेपेला एकच का वाजतोय? सांग म्हणावं हिला!”

गर्दीत कुजबुज झाली. हा प्रश्न त्यांनाही पडला होता. पुनम महाराजांसमोर जाऊन उभी राहिली. शिष्यानं किल्ली परत त्यांच्या मुठीत दिली होती.

“किल्ली द्या.”

“सूनबाई, नवऱ्याचा कोप—”

“माझा नवरा मी तुमच्यापेक्षा जास्त ओळखते. त्यानंच मला ही गाडी शिकवलीय. किल्ली द्या.” तिनं त्यांची मूठ उघडली आणि किल्ली काढून घेतली. शिष्य बघत राहिले.

सबिहानं डिकी उघडून घेतली आणि चिमटे काढले. पडदा काळा पडला. मग तिनं डिकीतल्या कोपऱ्यातली बॅटरी बाहेर काढली. दुचाकीच्या बॅटरीपेक्षा थोडी मोठी, टोकं पांढरी पडलेली. तिच्या जागी नवी बसवली. शेवटचं टोक जोडताच, कुणी बटणाला हात लावायच्या आधी, डॅशबोर्डवरचा लाल दिवा लागला.

पुनमनं बटण दाबलं. घड्याळात एक. सबिहानं टोक काढलं, परत जोडलं. एक. “बॅटरी सुटली की घड्याळ विसरतंय,” ती म्हणाली, “आन् परत एकपासून मोजाय लागतंय. कारखान्यातच तसं बनवलंय.”

देविदासकाका खुर्चीतून उठले. सुजलेल्या पायांनी डिकीपर्यंत आले आणि म्हणाले, “मला करू दे.” त्यांनी पाना घेऊन टोक सैल केलं, उचललं, परत ठेवलं. एक. आपल्या मुलाच्या मरणाची वेळ त्यांनी स्वतःच्या हातानं पडद्यावर आणली आणि खाली मान घालून रडले.

मग मला राहवलं नाही. मी पुढं होऊन म्हणालो, “मोठी बॅटरी गेली असं मीच सांगितलं होतं. ते चूक होतं. मी तपासलं नव्हतं. मोठी बॅटरी म्हणजे धान्यानं भरलेलं कोठार आणि ही छोटी म्हणजे दाराची कडी. कडी निघाली नाही तर कोठार भरलेलं असून उपाशी मरायची पाळी येते. ही छोटी बॅटरी म्हातारी झाली होती. रोज गाडी चालायची तेव्हा ती भरून निघायची. अमावस्येला छत्तीस तास गाडी उभी, आणि तेवढा वेळ एक वस्तू तिला शोषत होती.”

सबिहानं त्या लाल दिव्याच्या वायरीला मीटर लावून आकडा दाखवला. “झोपलेली गाडी सगळी मिळून खाती, त्याच्या वीसपट ह्यो एकटा दिवा खातोय.”

सुभद्राबाई मटकन ओट्यावर बसल्या. “म्हंजी म्याच केलं? माज्या लेकाच्या दिव्यानं?”

“न्हाई मावशी.” सबिहा त्यांच्याजवळ उकिडवी बसली. “बॅटरीची उमर झाली व्हती, आज न्हाई तर उद्या जाणारच व्हती. दिवा घरात लावा. तुमी मायेनं लावला, ती काय चूक न्हाई. चूक त्याची, ज्यानं तुमची माया बघून झोळी भरली.”

तेवढ्यात कुणीतरी महाराजांना शोधलं. ते शंखासह कोपऱ्यापर्यंत पोचले होते. झोळी विसरली होती, पण परत मागायला आले नाहीत. दूधवाला मला म्हणाला, “पर सर, कायतरी शक्ती असंलच की त्यांच्यात.” मी त्याला ती डबी हातात दिली आणि म्हणालो, “आता तुझ्यात आहे. कर एखादी गाडी जिवंत.” तोवर पुनमची गाडी काकांना घेऊन लातूरच्या वाटेला लागली होती.

माझं सांगणं एवढंच आहे. कुणी शाल पांघरून काम करायला लागला तर शाल उचलून बघा. तो तुम्हाला जळून खाक व्हाल म्हणेल, तेव्हा तर नक्कीच उचला. दर अमावस्येला एखादी गोष्ट घडत असेल तर अमावस्येला आपण वेगळं काय करतो ते आधी तपासा. आणि ठाऊक नसेल तर माझ्यासारखं ठोकून देऊ नका, “ठाऊक नाही” म्हणा आणि ज्याला ठाऊक आहे त्याच्याकडं जा. देव मानायचा तर माना. पण आजारी माणसाचा उपचार बंद करायला सांगणारा कुणीही असो, त्याला दारातूनच हाकला.

त्याच्या पुढची अमावस्या मंगळवारी आली, नेमकी डायलिसिसच्या दिवशी. सकाळी सातला आख्खी गल्ली दारात उभी होती. पुनम चालकाच्या जागेवर बसली होती आणि सुभद्राबाई काकांना धरून आणत होत्या.

“अव्वा,” शेजारची गुरम्मा ओट्यावरून सुभद्राबाईंना म्हणाली, “आज अमावास हाय. गाडी काढू नये.”

सुभद्राबाईंनी काकांना मागच्या सीटवर नीट बसवलं, त्यांचे पाय आत घेतले, दार लावलं आणि वळल्या.

“हाव, हाय अमावास. त्या शुक्कीरवारी पाळली म्या, तवा ह्यांचा श्वास कोंडला व्हता. आता न्हाई पाळणार.” त्या पुढच्या दारानं पुनमशेजारी जाऊन बसल्या. “काढ गं पोरी गाडी. उशीर व्हाया लागलाय.”