सहावा फर्मा

शेवाळ घाई करत नाही. भिंतच थकेपर्यंत ते भिंतीवर बसून राहतं.

वेत ओला असतानाच ओढून घ्या. वाळल्यावर तो कुणाच्या बापाचं ऐकत नाही.

लिफ्टमध्ये अडकलेल्यांनी
माझ्याकडे कविता मागितली नाही,
पाना मागितला.

बुडणारं मूल ओरडत नाही. ओरडतात ते काठावरचे.

शेवाळांची ओळख, खुर्च्यांची दुरुस्ती, एका लिफ्टमनच्या कविता आणि पोहण्याच्या तलावावर उभा जन्म काढलेल्या जीवरक्षकाच्या आठवणी: हे सगळं एकाच प्रकाशनाचं. दोन खोल्या, एक कुरकुरता पंखा आणि दोन मालक, धाकटी आणि तिचा दादा. "तुमचा नेमका विषय काय?" असं विक्रेते विचारायचे. धाकटी म्हणायची, "दुसरे ज्याला हात लावत नाहीत तो."

जीवरक्षकाला सगळे मास्तर म्हणत. त्यांच्या पुस्तकाचं प्रकाशन संध्याकाळी होतं. दुपारी बांधून आलेला गठ्ठा धाकटीने सोडला, वरची प्रत हौसेने हुंगली, मधेच उघडली आणि तिचं डोकंच फिरलं.

पान ऐंशीच्या तळाशी होतं: 'पंप बंद करा म्हणून मी तीनदा सांगितलं होतं, पण'. समोरच्या पानावर आकडा सत्त्याण्णव, आणि पहिली ओळ: 'टॉवेल मात्र रोज धुतलेले असत.'

दुसरी प्रत तशीच. दहावीही तशीच. सहावा फर्मा, अख्खी सोळा पानं, गायब.

ती तडक बाइंडरकडे गेली.

"ताई, माझ्यावर नका उखडू," बाइंडर खळीचे हात पुसत म्हणाला. "दादांनीच फोन केला. सहावा सोडून बांधा म्हणाले. मला वाटलं, तुमचं बोलणं झालं असेल."

"आणि छापलेले फर्मे?"

त्याने कोपऱ्यातल्या गोणीकडे बोट दाखवलं. "रद्दीत द्या म्हणाले."

दादा कचेरीत निमंत्रणाची पाकिटं चिकटवत होता. धाकटीने गोण त्याच्या टेबलावर आदळली. पाकिटं उडाली.

"अगं, हळू!"

"हळूच्या नानाची टांग! पंपाने ओढलेल्या त्या पोराचं मरण कापलंस तू, दादा. तलावाच्या मालकाने मास्तरांवर ढकललेलं मरण. बाजू मांडायला त्या माणसाकडे एवढी सोळाच पानं होती."

"तो मालक उद्या माझा व्याही होणार आहे," दादा खालच्या आवाजात म्हणाला. "तुझ्या भाचीचं लग्न मोडेल. बाकी पुस्तक आहे की सगळं."

"आहे ना! टॉवेल आहेत! भाचीला विचारलंस?"

"तिला काय विचारायचं त्यात?"

"म्हणजे तिचाही फर्मा काढून मोकळा झालास."

"पुन्हा बांधायला वेळ नाही आता," तो म्हणाला. त्याच्या आवाजातला सुटकेचा सुस्कारा तिला स्पष्ट ऐकू आला, आणि उरलासुरला संयमही गेला. तिने गोणीचं तोंड फाडलं.

संध्याकाळी सभागृहाच्या दारात ती स्वतः उभी राहिली. येणाऱ्या प्रत्येकाच्या हातात तिने आधी घडीचा, न कापलेला फर्मा ठेवला, मग पुस्तक. "हा पुस्तकातून काढला होता. कुणी, ते माझ्या दादाला विचारा. तो पहिल्या रांगेत बसलाय."

लोक विचारू लागले. दादा घाम पुसत राहिला. मास्तर त्या मुलाच्या आईला घेऊन आले. धाकटीने फर्मा पुढे केला. आईने तो उभ्या उभ्याच बोटाने फाडून उघडला आणि मास्तरांनी तिच्यासाठी खुर्ची ओढली.

मास्तरांचं हस्तलिखित आलं तेव्हा हे प्रकरण सगळ्यांत आधी दादाने वाचलं होतं, आणि "पुस्तक यासाठीच काढायचं," असं तोच म्हणाला होता.